कोठे खेळावे?

मोठ्या शहरी चार दिवस जावयाचे ठरले म्हणजे प्रत्येकाच्या मनात काही ना काही बेत शिजू लागतो. कोणास नाटक पाहावयाचे असते, कोणास लग्नाचा बस्ता बांधावयाचा असतो, कोणास एखाद्या नामांकित वैद्यास नाडी दाखवावयाची असते. आमच्या मंडळींस हैदराबादेचे नाव निघताच लाडबाजारातील बांगड्या दिसू लागतात. आम्हांस मात्र गेली कित्येक वर्षे एकच प्रश्न पडत आलेला आहे, आणि तो आम्ही चारचौघांत मोठ्याने विचारीत नाही. तो प्रश्न असा की, या खेपेस कोठे खेळावे?

खेळ म्हणजे गोल्फ. आमच्या हिंगोलीत हा शब्द उच्चारला तर ऐकणारा क्षणभर थांबतो, आपल्या पांढऱ्या केसांकडे पाहतो आणि मग पावसापाण्याच्या गोष्टी काढतो. आम्ही त्यास दोष देत नाही. सेहेचाळीस ग्रॅमांचा एक पांढरा चेंडू काठीने टोलवीत टोलवीत चार मैल चालावे, अठरा ठिकाणी तो सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यात घालावा, आणि ज्यास हे सर्वांत कमी टोल्यांत साधेल त्याने जिंकले म्हणावे, हा उद्योग ज्याने केला नाही त्यास तो वेडेपणाचा वाटावा हेच स्वाभाविक आहे. विटीदांडूत निदान विटी झेलावयास समोर कोणी तरी उभे असते. येथे समोर कोणी नसते. जो काय वैरी असेल तो स्वतःच्याच अंगरख्यात असतो.

हे वेड आम्हांस जडले ते आसामात. नोकरीच्या निमित्ताने आम्ही बरीच वर्षे दिग्बोईस काढली. तेथील तेलशुद्धीचा कारखाना १९०१ सालचा, आणि गोऱ्या साहेबांनी त्याच्या जोडीस अठरा होलांचे एक मैदान जंगलाच्या कडेला करून ठेवलेले. साहेब गेले, मैदान राहिले. ज्या खेळासाठी मुंबई-कलकत्त्यास सभासदत्वाची वाट पाहत माणसे म्हातारी होतात, तो तेथे कारखान्यातील साध्या अभियंत्यास घराबाहेर पडून दहा पावलांवर मिळत असे. पाऊस उघडला की आम्ही आणि आमचे एक तेलुगू स्नेही काठ्या घेऊन निघत असू. त्यांची नजर घारीची. आपला चेंडू तर त्यांस दिसेच, पण आमचाही कोठे पडला ते आमच्या आधी तेच सांगत. त्या दिवसांची खूण म्हणून आमच्या घरी काचेच्या कपाटात वीतभर उंचीचा एक चांदीचा चषक आहे. पाहुणे त्याविषयी विचारतात तेव्हा आम्ही चहाचे काय झाले ते पाहावयास आत जातो.

निवृत्त होऊन हिंगोलीस आलो तेव्हा काठ्यांची पिशवी बरोबर आली. आता खेळावे कोठे? गावाबाहेर आमचे थोडे वावर आहे. त्यातील हळद निघाली की जमीन काही दिवस मोकळी असते. तेवढेच आमचे मैदान. या भागातील काळी जमीन ज्यांस ठाऊक आहे त्यांस आमची अवस्था सांगावयास नको. पावसाळ्यात ती पायातला जोडा काढून घेते, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला तर थेट पाताळात! उंदराच्या बिळात पडलेला चेंडू खेळाच्या नियमांप्रमाणे दंडावाचून बाहेर काढून घेता येतो. भेगेस ती सवलत आपोआप मिळत नाही. नियम करणाऱ्या स्कॉच मंडळींनी कधी मराठवाड्याचा वैशाख पाहिला नसावा, एरवी त्यांनी एवढे कलम खास घातले असते.

एकदा असाच आम्ही भेगेत काठी घालून चेंडू उकरीत होतो. शेजारचे शेतकरी बांधावर येऊन उभे राहिले. "काका, काय हुडकायलाव?" त्यांनी विचारले. आम्ही सर्व हकीकत सांगितली. शहरातून या खेळासाठी मोठमोठी मैदाने राखतात, त्यांवर रात्रंदिवस पाणी मारतात, हेही सांगितले. तेथे कसले गवत लावतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्हांस खरे ते सांगावे लागले. उष्ण देशांतील बहुतेक गोल्फच्या मैदानांवर जे गवत दिमाखाने वाढवितात, ज्यास इंग्रजीत बर्म्युडा म्हणतात, ते म्हणजे आपली हरळी. गणपतीस वाहतो ती दूर्वा. ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. हरळी खणून काढण्यात त्यांच्या वडिलांची कंबर मोडली होती. मग म्हणाले, "हरळीसाठी पैसे देतेत लोकं? आमच्या वावरातली फुकट न्या म्हणावं!"

असो. सांगावयाचे होते ते हैदराबादेच्या निवडीविषयी.

हैदराबाद हे आमच्या भागाचे जुने मोठे शहर. १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात येईपर्यंत आमची राजधानी हैदराबादच होती. आमचे आजोबा जमिनीच्या एका खटल्यासाठी तेथे इतक्या वेळा गेले की शेवटी त्यांस निकालापेक्षा तेथील बिर्याणीच्या वासाचीच आठवण अधिक राहिली. ते शाकाहारी होते म्हणून वासाची म्हटले. आता चिरंजीव तेथे गच्चीबावलीकडे संगणकाच्या नोकरीत आहेत. म्हणून वर्षातून एकदा आम्ही हिंगोली डेक्कन स्थानकावर गाडीत बसतो, नांदेडास गाडी बदलतो, आणि काठ्यांच्या लांबट पिशवीविषयी सहप्रवाशांचे तर्क ऐकत जातो. एका आजीबाईंनी ती वीणा आहे असे ठरवून आम्हांस एक अभंग म्हणावयाचा आग्रह केला होता. नरसी नामदेवाच्या मुलखातील माणसास हा आग्रह मोडता येत नाही. आम्ही म्हटला.

गेल्या फेब्रुवारीतील खेप निराळी होती. उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावयाची ठरली होती आणि तिची तारीख डॉक्टरांनी दिली होती. पुढे खेळता येईल काय, या प्रश्नास त्यांनी "पाहू" असे उत्तर दिले. डॉक्टरांच्या "पाहू"चा अर्थ आमच्या वयाच्या माणसास कोशात पाहावा लागत नाही. तोपर्यंत गुडघा एक डाव सोसेल, दोन नाही, असा आमचा स्वतःचा अंदाज होता. तेव्हा हैदराबादेतील कोणत्या मैदानावर हा एक डाव खर्चावा, याचा विचार आम्ही हिंगोलीहून निघण्यापूर्वी पंधरा दिवस करीत होतो. मुलीसाठी स्थळ पाहताना आम्ही इतका विचार केला नव्हता, असे आमच्या मंडळींचे म्हणणे पडले.

मुंबईस ही निवड फारशी अवघड नसते, कारण तेथे निवडणारे आपण नसतोच. चेंबूरचे मैदान १९२७ सालचे, विलिंग्डन क्लबाचे १९१८ सालचे, कुलाब्याच्या टोकाचे सैनिकी अधिकाऱ्यांच्या क्लबाचे. या सर्व ठिकाणी कोणी तरी सभासद आपल्या ओळखीचा असावा लागतो. खेळावयाच्या काठीसही क्लब म्हणतात आणि खेळणाऱ्यांच्या संस्थेसही क्लब म्हणतात. पहिल्याने चेंडूस दूर घालवितात, दुसऱ्याने माणसास. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी पाहुण्यांस मज्जाव होता म्हणून लॉर्ड विलिंग्डन यांनी दोघांसाठी नवा क्लब काढला, असे सांगतात. आज तेथे रंग पाहत नाहीत. पण दार आहे तेथे द्वारपाल आलाच. एका क्लबाच्या फाटकावर आम्ही "हिंगोलीहून आलो" असे सांगितले तेव्हा "ते कोठे आले?" असा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर देईपर्यंत आमची वेळ टळून गेली. सिडकोने खारघरच्या डोंगराखाली मैदान केले आणि पैसे भरील त्यास खेळू दिले, ही गोष्ट म्हणूनच आम्हांस मोठी वाटते.

हैदराबादेस तीन स्थळे मनात होती.

पहिले गोवळकोंड्याचे. अब्दुल्ला कुतुबशहाने १६५६ च्या सुमारास, मोगलांची धास्ती घेऊन, जुन्या किल्ल्याच्या ईशान्येस तटबंदी वाढविली; तिला नया किला म्हणतात. या तटाच्या आत गोल्फचे मैदान आहे. टोला मारताना समोर बुरूज, मागे बुरूज. तेथेच गोरखचिंचेचा एक अफाट वृक्ष आहे. त्यास तेथील लोक 'हाथियाँ का झाड' म्हणतात. वय चारशे वर्षे सांगतात, बुंध्याचा घेर ९० फुटांच्या आसपास. आफ्रिकेतील हे झाड कोणी फकिराने किंवा व्यापाऱ्याने आणले असावे. १६८७ साली औरंगजेबाचा वेढा आठ महिने चालला तो या झाडाने पाहिला, आणि आता माणसे लोखंडी काठ्या घेऊन एकमेकांवर नव्हे तर चेंडूवर चाल करून जातात हेही ते पाहते आहे.

प्रथम आमचे मत येथेच बसले होते. पण विचार करता करता एक खडा टोचू लागला. जुन्या वास्तूंची आस्था असलेल्या मंडळींनी या मैदानास हरकत घेतलेली आहे. किल्ल्यात किल्ला असावा, हरळीचे गालिचे कशास, असे त्यांचे म्हणणे. आम्ही या म्हणण्याची थट्टा करू शकलो नाही. आमच्या औंढ्यास नागनाथाचे देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे पाहावयास दुरून लोक येतात. उद्या त्याच्या आवारात कोणी टेनिसचे अंगण आखले तर आम्ही काय म्हणू? दुसरी बाजूही आहे. मोकळी पडलेली जागा शहरे गिळून टाकतात, आणि खेळाचे मैदान निदान आकाश तरी मोकळे ठेवते. आम्ही दोन्ही बाजूंनी बराच वेळ भांडलो आणि बरोबरी झाली असे ठरविले. खरे सांगावयाचे तर तटाखाली उभे राहून खेळण्याचा मोह आम्हांस होता, आणि मोह असलेल्या माणसाने न्यायाधीश होऊ नये.

दुसरे स्थळ चिरंजीवांच्या घराजवळचे, बोल्डर हिल्स. गच्चीबावलीकडील त्या अजस्र गोल शिळा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस नावाचा अर्थ सांगावयास नको. एकावर एक अशा ठेवलेल्या की आता पडतील. त्या अडीचशे कोटी वर्षांच्या जुन्या ग्रॅनाइटच्या आहेत. पीटर हॅराडाइन नावाच्या रचनाकाराने या शिळांतून मैदानाची वाट काढली. चेंडू शिळेवर आपटला तर कोठे जाईल ते ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. चिरंजीवांनी तेथे पाहुणा म्हणून आमची सोय लावली होती, विजेच्या गाडीसकट. "बाबा, चालायचे नाही, गाडीत बसून खेळायचे," असे त्यांनी बजावले. त्यांच्या पहिल्या काही वर्षांच्या पगारांतून आम्ही कधी काही घेतले नव्हते, तेव्हा ही भेट नाकारणे अवघड होते. सूनबाईंनी तर छायाचित्र कोणत्या शिळेपाशी काढावयाचे तेही ठरवून ठेवले होते.

तिसरे स्थळ सिकंदराबादचे लष्करी मैदान. त्यात किल्ला नाही, शिळांचा चमत्कार नाही. मात्र त्या बाजूस बोलारम आहे, आणि बोलारमशी हिंगोलीचे जुने नाते आहे. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रजांच्या हुकमतीतील जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिचे मुख्य ठाणे बोलारमला, आणि १८१९ पासून १९०३ पर्यंत तिची एक छावणी हिंगोलीस. त्या काळात या दोन गावांमध्ये घोडी, कागद आणि साहेब यांची ये-जा असे. मेडोज टेलर याने लिहून ठेवले आहे की, हिंगोलीच्या छावणीत ज्याच्याशी त्याने स्वतः व्यवहार केला तो प्रतिष्ठित व्यापारीच त्या भागातील ठगांचा म्होरक्या निघाला. आमच्या गावाचा इंग्रजी वाङ्मयात झालेला उल्लेख तो हा! तरी नुसत्या बोलारमसाठी शेवटचा डाव तेथे घालवावा असे आमच्या मनात नव्हते.

आमचे दिग्बोईचे स्नेही सिकंदराबादेस राहतात. पोहोचल्यावर त्यांस दूरध्वनी केला, गुडघ्याचे सांगितले, बोल्डर हिल्सला या म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, नव्या मैदानावर मला नेऊन उपयोग नाही. मग कळले की मधुमेहाने त्यांच्या दृष्टिपटलास धक्का पोहोचला होता. समोरचे माणूस ओळखू येई. चाळीस पावलांपलीकडे धुके. हे त्यांनी वर्षभर आम्हांस कळविले नव्हते. "सिकंदराबादचे मैदान पायांना पाठ आहे," ते म्हणाले. "तेथे डोळे लागत नाहीत. नऊ होल खेळू. चेंडू कोठे पडला तेवढे तू सांग."

त्यांचे धाकटे बंधू सैन्यातून निवृत्त झालेले; त्यांच्या नावाने आमची सोय झाली. चिरंजीवांस हे सांगताना आम्हांस फार जड गेले. ते काही बोलले नाहीत, पण जेवताना दोनदा मीठ मागून घेतले. असे ते रागावले म्हणजे लहानपणापासून करतात.

सकाळी साडेसहास आम्ही मैदानावर होतो. दवाने हरळी पांढरी झाली होती. दोघांमध्ये एक कॅडी, पन्नाशीचा, फार बोलका नव्हे. स्नेह्यांनी जमिनीत लाकडी खुंटी रोवली, चेंडू ठेवला, आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात टोला मारला. नाद ऐकून त्यांनी सांगितले की किंचित डावीकडे गेला. खरोखर डावीकडेच गेला होता. पहिल्या पाच होलांत ते आमच्या पुढे एक टोला होते. आमचा गुडघा चढावावर कुरकुरत होता, उतारावर ओरडत होता.

सहाव्या होलावर आमचा चेंडू उजवीकडे झाडीत गेला आणि कॅडी त्याच्यामागे गेला. नेमका त्याच वेळी स्नेह्यांनी टोला मारला. आम्ही आपल्याच चेंडूकडे पाहत होतो. "दिसला?" त्यांनी विचारले. आम्ही "हो" म्हणालो.

का म्हणालो ते सांगता येत नाही. डावीकडील उंच गवतात जाऊन आम्ही शोधू लागलो. पूर्वी हरवलेला चेंडू शोधावयास पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. स्नेह्यांच्या मनगटावर वेळ बोलून सांगणारे घड्याळ होते. ते गवताच्या कडेला काठीवर हात ठेवून उभे होते. आमच्या खिशात त्याच बनावटीचा चेंडू होता, आणि आमचा हात खिशाशी गेला. यात आमचा लाभ काहीच नव्हता. उलट एका आंधळ्या होत चाललेल्या मित्रास दोन टोल्यांचा भुर्दंड पडू नये एवढाच हेतू. असे आम्ही स्वतःस त्या अर्ध्या मिनिटात पटवून दिले होते.

ते शांतपणे म्हणाले, "आज खिशातला नको."

वाचकांस आता त्या चषकाविषयी सांगावयास हवे. दिग्बोईस शेवटच्या दिवसाच्या सामन्यात, चौदाव्या होलावर, आमचा चेंडू गवतात हरवला होता. पाच मिनिटे संपता संपता तो आम्हांस "सापडला". सामना आम्ही एका टोल्याने जिंकलो. हरले ते हेच. घारीच्या नजरेच्या त्या माणसास काही दिसले नसेल, असे मानून आम्ही तीस वर्षे काढली. त्यांच्या मुलीच्या लग्नास गेलो, आईच्या समाचारास गेलो, दर दिवाळीस पत्र लिहिले.

आम्ही काही तरी बोलू लागलो. त्यांनी घड्याळाची कळ दाबली. घड्याळाने वेळ सांगितली. "तीन झाली," ते म्हणाले, "मागे जाऊ." नियम असा की, चेंडू हरवला तर एक टोला दंड आणि पुन्हा जेथून मारला तेथूनच मारावयाचे. दीडशे पावले मागे चालावयाचे होते. वाटेत खाचखळगे होते, तेव्हा त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गुडघ्यामुळे आम्हीही त्यांच्यावर थोडा भार टाकला. कोण कोणास नेत होते ते दुरून पाहणाऱ्यास कळले नसते. खुंटी आम्ही रोवून दिली. या खेपेस आम्ही दुसरीकडे कोठेही पाहिले नाही. चेंडू उंच गेला, वाऱ्याने जरा हलला, आणि दोन बाभळींच्या मधोमध उघड्या हरळीवर पडला. तसे आम्ही त्यांस सांगितले. किती पावलांवर, तेही सांगितले. मोजले तेव्हा सहा पावलांची चूक निघाली.

नऊ होल संपले तेव्हा दंड धरूनही ते एका टोल्याने पुढे होते. कागदावर आकडे आम्ही लिहिले, आणि ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन एक एक वाचून पाहिले. मग दोघांनी इराणी हॉटेलात चहा घेतला. वहिनींनी आमच्यासाठी पुळिहोरा करून पाठविला होता, तो उसळीसारखा बशीत काढून खाल्ला.

घरी आलो तेव्हा चिरंजीवांनी विचारले, "कसे होते मैदान?" हरळी चांगली दाट होती, असे आम्ही सांगितले. बोल्डर हिल्सवर त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हांस नुसते नेले. गाडीत बसून शिळा पाहिल्या, सूनबाईंच्या मनाप्रमाणे छायाचित्रही निघाले.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. चषक हिंगोलीहून सिकंदराबादेस पार्सलाने पाठविला, तो आठ दिवसांत परत आला. आत चिठ्ठी होती, मोठ्या, वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांची: घरात ठेवावयास जागा नाही, पुढच्या फेब्रुवारीस येताना तूच घेऊन ये. डॉक्टर अजून "पाहू" म्हणतात. आम्ही सकाळी वावराच्या बांधापर्यंत आणि परत असे चालतो.